सौद्याला एक भारा

आमच्या घरात दुपारचं ताट वाढलं की लंडन उघडायचं. म्हणजे तिथला पैशांचा बाजार. डॉलर, पौंड, येन यांची खरेदी-विक्री सुरू व्हायची आणि माझा नवरा भाताचा पहिला घास गिळून उठायचा. घरात रेंज नाही. गावाच्या वर पाण्याची टाकी आहे, टाकीशेजारी ऐनाचं झाड, तिथे कशीबशी रेंज मिळते. शेणव्याच्या बाजूच्या आमच्या गावातून लंडनला जायचा तेवढाच रस्ता. दिवेलागणीला न्यूयॉर्क उघडायचं, तेव्हा पुन्हा टाकीवर. शनिवार-रविवार जगातले सगळे बाजार बंद. तेवढे दोन दिवस आमच्या घरात माणूस असायचा, पण तोही सोमवारकडे डोळे लावून बसलेला.

रागात असले की मी त्याला नवरा म्हणते, नसले की हे म्हणते. तोंडावर अर्थात अहोच. पण हे लिहायला बसले तेव्हापासून हातातून नवराच उतरतोय, त्याला माझा इलाज नाही.

तो मुळात असा नव्हता. मुरबाडच्या एका कंपनीत कंत्राटावर कामाला होता, सकाळच्या एसटीने जायचा, संध्याकाळी येताना मुलीला वडापाव आणायचा. कंत्राट संपलं आणि तो घरी बसला. नेमकं त्याच वर्षी मोठ्या रस्त्यात आमच्या माळाचा तुकडा गेला आणि मोबदला आला. पैसा त्याच्या नावावर जमा झाला, पण तो कशासाठी, हे सगळ्यांच्या समोर ठरलं होतं. मुरबाडच्या बाजारात एक गाळा घ्यायचा. खाली माझं शिवणकाम, वर एक खोली. मी गावात बसून ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवते, पण गावात शिवायला टाकणारे किती आणि वेळेवर पैसे देणारे किती. मुरबाडला गेलो असतो तर माझा धंदा उभा राहिला असता, मुलीचं कॉलेज पायी जायच्या अंतरावर आलं असतं, आणि मी या घरातून बाहेर पडले असते. शेवटचं मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. पण मला खरी आस त्याचीच होती.

हे खूळ आलं माझ्याच माहेराहून, हे आणखी एक दुखणं. टोकावड्याला माझ्या भावाकडे आम्ही जेवायला गेलो होतो. जेवणानंतर भाऊ आणि हा ढाब्यावर चहाला गेले. तिथे माळशेजकडे निघालेला कुणी एक गाडीवाला बसला होता. त्याने मोबाईल पुढे करून दाखवलं, की बसल्या जागी परदेशातल्या चलनांचे सौदे करता येतात, स्वस्तात घ्यायचं, महागात सोडायचं, बास. त्या माणसाला आम्ही पुन्हा कधी पाहिलं नाही. मला तो कुठे भेटला तर मी त्याला चहा पाजणार नाही, एवढं नक्की.

सुरुवातीला याला थोडं सुटलं. मग गेलं. मग परत सुटलं, मग जास्त गेलं. सासूबाई रडल्या, मी भांडले, त्याने देवीसमोर हात जोडून सांगितलं की बंद. दुसऱ्या दिवशी गुरं बघायला म्हणून गेला तो टाकीवर सापडला. आम्ही जितकं बंद कर म्हणायचो तितका तो लपून करायचा, आणि लपून करायचा म्हणजे घाईत करायचा, आणि घाईत जास्त जायचं.

सासरे भातसानगरला धरणावर नोकरीला होते, निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांना सकाळी पेपर लागतो आणि तो मोठ्याने वाचायला लागतो, कुणी ऐको न ऐको. एका सकाळी मी मशीनवर गणवेशाच्या कॉलरी लावत होते तेव्हा ते म्हणाले, "ऐकलंस का गो, आपल्या घरातलंच लिव्हलंय यात." लेखात असं होतं, की एका देशाचा पैसा देऊन दुसऱ्याचा घ्यायचा तर दर व्यवहारावर सरकारांनी अगदी बारीकसा कर लावावा, असं काही जाणकार फार दिवस सांगतायत. शेकड्याला नखाएवढा. ज्याला खरोखर माल आणायचाय, पोराला परदेशी शिकायला पाठवायचंय, त्याला तो कळणारही नाही. पण जो दिवसभर उगाच घे-सोड, घे-सोड करतो, त्याला दर खेपेला टोचेल आणि तो दमेल.

सासऱ्यांना हे एकदम पटलं. धरणावरच्या माणसाला पटणारच. ते म्हणाले, "गेट गपकन बंद केलं तर पाणी भिंतीवर चढतं. आपण ह्याला बंद कर, बंद कर म्हणतो, म्हणून तो चढलाय. त्याला कर लावायचा."

मी म्हटलं, "बाबा, कर घेणार कशात? त्याच्याकडचा पैसा आपलाच आहे."

यावर सासूबाई आतून बोलल्या. त्या कधी अशा गोष्टींत बोलत नाहीत. म्हणाल्या, "राब आणू दे त्याला."

ज्यांना भाताची शेती ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पावसाआधी ज्या तुकड्यात भाताची रोपं काढायची, तो तुकडा आधी भाजावा लागतो. त्यासाठी झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, गवत, शेण असं सगळं आणून जमिनीवर पसरायचं आणि पेटवायचं. हा राब. होळीच्या आधीपासून रानातून भारे वाहायचे. कोयत्याने फांद्या उतरवायच्या, वेलाने बांधायच्या, डोक्यावर घेऊन उतरायचं. अंगाला खाज, मानेत कळ, डोळ्यांत कचरा. हा हे काम कायम टाळायचा, त्याच्या वाट्याचे भारे सासूबाई आणि मीच आणायचो.

पडवीत बसून नियम ठरला. पैसा किती त्याप्रमाणे भारे घ्यावेत, असं सासरे आधी म्हणाले, पेपरात तसंच होतं. पण इतक्या डॉलरला किती भारे, येनला किती, त्याचं रुपयात काय होतं, यात त्यांचाच गोंधळ उडायला लागला. भाव तर घटकेघटकेला बदलतो. शेवटी त्यांनी सोपं केलं. सौदा घेतला की एक भारा, सौदा सोडला की एक भारा. लहान असो, मोठा असो.

"कबूल?" सासऱ्यांनी विचारलं.

नवरा हसत म्हणाला, "कबूल. लपून करायला मलाच कटाळा आला व्हता."

आणि त्याने नियम पाळला. हे मला लिहिलंच पाहिजे, नाहीतर पाप लागेल. त्याने एकाही भाऱ्याची लबाडी केली नाही. टाकीवरून उतरायचा, कोयता घ्यायचा आणि रानात जायचा. संध्याकाळी अंगण ओलांडून भारा शेताच्या कडेला टाकायचा आणि माझ्याकडे न बघता आंघोळीला जायचा. ढीग वाढत चालला. आमचा राब कधी नव्हे इतका मोठा झाला. लोक येता-जाता थांबायला लागले. शेजारची बाई मला विहिरीवर म्हणाली, "तुजा नवरा सुदारला गो. लय मेहनत करतो." मी हसले. काय सांगणार? की बाई, तो ढीग म्हणजे राब नाही, तो आमचा बुडत चाललेला गाळा आहे, फांदी-फांदीने रचलेला? ती दळणाला जाताना आणखी चार घरी सांगून आली की यंदा आम्ही जास्तीची जमीन लावणार. एकाने तर खंडाने कसायला शेत देऊ का, म्हणून विचारलं.

मला त्या ढिगाचा इतका राग यायचा की शेताकडे जायची वाट मी बदलली. कपडा मशीनखाली सरकवताना समोरच्या खिडकीतून तो दिसायचा, म्हणून खिडकीला पडदा लावला. सासरे मात्र रोज जाऊन बघायचे. म्हणायचे, "थांब, दमेल."

आणि खरोखर दमला. होळी झाली आणि भारे कमी व्हायला लागले. मग एक दिवस आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तो दुपारी ताटावरून उठेना. आमटी वाढून घेतली, मुलीची चेष्टा केली, जेवून खाटेवर आडवा झाला. मी दारातून बघत राहिले. खांद्यावरची सालं निघाली होती, तिथे सासूबाईंनी हळद भरली होती. मला वाटलं, संपलं. देवा, एकदाचं संपलं.

तेव्हा सासूबाईंनी खीर केली. नव्या तांदळाची, गूळ घालून. सासऱ्यांनी पेपरातला तो लेख घडी करून कपाटात ठेवला होता, तो काढून मला पुन्हा वाचून दाखवला. त्यांचा चेहरा असा होता की जगभरच्या सरकारांना जमलं नाही ते त्यांनी शहापूर तालुक्यात करून दाखवलं. मीही त्या दिवसापासून त्याला हे म्हणायला लागले.

बरंच बुडालं तरी गाळ्यापुरतं अजून होतं, म्हणून त्याच आठवड्यात मी सरळगाववरून मुरबाडला गेले. आम्ही हेरून ठेवलेल्या गाळ्याचा मालक म्हणाला, अक्षय्य तृतीयेला व्यवहार करू, तोवर तुमच्यासाठी ठेवतो. मी पर्समधली माझी टेप काढली, जिने बायकांची मापं घेते ती, आणि खिडकीखालची भिंत मोजली. मशीन बसत होती. बाजूला इस्त्रीचं टेबल बसत होतं. मालक हसला, म्हणाला, ताई, गाळ्याचा ब्लाउज शिवताय का. मला त्या विनोदाचा रागही आला नाही.

सण जवळ आला तशी मी यांना म्हटलं, बँकेत जाऊन या. हे हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटलं. पुन्हा हो. तिसऱ्यांदा म्हटलं तर उठून टाकीकडे गेले. मी मागोमाग गेले. ऐनाच्या खाली बसले होते, मोबाईल मांडीवर पालथा.

"अडकलंय," म्हणाले.

"काय अडकलंय?"

"सगळं."

मग सांगितलं. आवाज चढवला नाही, लपवलं नाही, मुलीला गणित समजवावं तसं सांगितलं. "बाबांनी भारा लावला तो सौद्याला लावला, पैशाला नाय. धा बारके सौदे घेतले तर धा भारे. एकच मोठा घेतला तर एकच भारा. माझी मान मोडली व्हती गो. मी म्हटलं, रोज-रोज कशाला, एकदाच सगळं टाकू." सगळं म्हणजे गाळ्याचं सगळं. येन वर जाणार म्हणून येनवर टाकलं. त्याचा भारा त्याच दिवशी आणून टाकला होता, प्रामाणिकपणे. तो ढिगावरचा शेवटचा भारा. त्यानंतर येन खाली गेला, आणि हा घरात आमटी वाढून घेत बसला. आता सोडलं तर तोटा. धरून ठेवलं तर नुसता मोबाईलवरचा आकडा, तोटा नव्हे, असं त्याचं म्हणणं. आम्ही खीर खाल्ली तेव्हा सगळं येनमध्येच होतं.

मी तिथेच बसले. त्याला मारावंसं वाटलं, हे मी सरळ लिहिते. मारलं नाही, कारण तो इतका साधेपणाने बसला होता की हात उचलणार कुणावर.

सासऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, "पेपरात बरोबर व्हतं. मी सोपं करायला गेलो." लेखाची घडी त्यांनी पुन्हा उघडली नाही.

त्यानंतरचे दिवस घरात कुणी अंथरुणाला खिळल्यासारखे गेले. टाकीवर आता तो एकटा नसायचा. सासरे चढून जायचे, मुलगी शाळेतून आली की जायची. सासूबाईंनी कल्याणच्या पलीकडचं जग पाहिलेलं नाही, त्या चूल फुंकता-फुंकता विचारायच्या, "तो येन चढला का रे?" आणि मी? ज्या बाईला त्या शब्दाची शिसारी होती ती ब्लाउजला हूक लावता-लावता जपानच्या बातम्या शोधायला लागली. कुठे काय बोललं कुणी, तिथली बँक व्याज वाढवणार की नाही. कपडा एकीकडे आणि डोकं टोकियोला. दोन बाह्या उलट्या जोडल्या. तो एकटा अडकला होता तोवर मी बाहेर उभी राहून ओरडू तरी शकत होते. आता सगळं घरच आत होतं, आणि दार कुणी उघडायचं ते कुणालाच कळत नव्हतं.

अक्षय्य तृतीया गेली. मालकाचा फोन आला, मी आठ दिवस मागितले. ते कशाच्या जोरावर मागितले, मलाच ठाऊक नाही. येन आणखी घसरला. नवरा म्हणायचा, थोडं थांब, वर येईल, येतो म्हणजे येतोच.

एका सकाळी मी मशीन झाकली, कोयता घेतला आणि रानात गेले. राबाचे दिवस सरत आले होते, ऐनाची झाडं बहुतेक बोडकी झालेली. फिरून फिरून पाला गोळा केला, दोन-चार फांद्या उतरवल्या, वेलाने बांधून डोक्यावर घेतल्या आणि शेताकडे न जाता सरळ टाकीवर चढले. दुपार झाली होती. लंडन उघडलं होतं. सासरे आणि तो शेजारी-शेजारी बसले होते. मी भारा त्यांच्या पुढ्यात टाकला. धूळ उडाली, मोबाईलवर पडली.

"हा काय गो?" नवरा म्हणाला.

"सोडला की एक भारा, असं ठरलंय ना? सोडायचा भारा मी आणलाय. कर भरला. आता सोडा."

"थांब गो. आज वर येतोय. दोन दिवस थांब."

"मी दोन दिवस थांबायला आलेली नाही. मी भारा घेऊन आले आहे."

तो सासऱ्यांकडे बघायला लागला. सासऱ्यांनी वाकून भाऱ्याचा वेल बघितला, घट्ट आहे का, जसे ते रोज त्याचे बघायचे. म्हणाले, "भारा पुरा हाय. सोड रे."

त्याने दाबलं. इतकंच. एक अंगठा. झाडावर एक कावळा होता, तोही उडाला नाही. उरलं त्यात गाळा नव्हता. गाळ्याचं शटर आलं असतं. मी मालकाला फोन करून सांगितलं की नको, आणि टेप पर्समधून काढून मशीनच्या खणात ठेवली.

यापुढचं मला लिहायला आवडत नाही, पण लिहिते. पुढच्याच आठवड्यात येन वर गेला. किती, ते त्याने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. तो ताटावरून उठला आणि बाहेर जाऊन उभा राहिला, त्यावरून मला कळलं. त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. आजवर दिलेला नाही. भांडला असता तर मी दोन शब्द ऐकवले असते आणि मोकळी झाले असते. तेवढीही सोय त्याने मला ठेवली नाही.

राब भाजला तेव्हा आमच्या तुकड्यातून निघालेला धूर सगळ्यात जास्त वेळ चालला. लोक म्हणाले, रोपं जोमदार येणार. आलीही. इतकी की उरलेली आम्ही दोन घरी वाटली. त्या बायका मला अजून दुवा देतात.

याला आता वर्ष होत आलं. तो आसनगावकडे एका गोदामात जातो, रोजचा नाही, बोलावलं की. मोबाईल त्याच्याकडेच आहे, काढून कसा घेणार, गोदामाचं बोलावणं त्यावरच येतं. सासऱ्यांनी नियम बदलला. आता पैशाप्रमाणे भारे, लहान रकमेला एक, मोठीला डोंगर. याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, मी करतच नाय तर कशाला नियम. मला विश्वास ठेवायचा आहे. ठेवावा लागतो, नाहीतर एका छपराखाली कसं राहणार. मुरबाडला त्या गाळ्यात आता मोबाईलचं दुकान आहे. तिथून जायची वेळ आली तर मी रस्त्याची दुसरी बाजू धरते.

पुन्हा राबाचे दिवस आलेत. गेल्या आठवड्यात तो संध्याकाळी रानातून उतरला तो डोक्यावर भारा घेऊन. मी मशीनवरून उठले आणि दारात गेले.

"हा कसला भारा?"

तो थांबला. भाऱ्याखालून त्याचे डोळे दिसत नव्हते. "राबाचा गो. दुसरा कसला?"

"बरं," मी म्हटलं. "ठेवा कडेला."

दुसऱ्या दिवशीही आणला, तिसऱ्या दिवशीही. प्रत्येक भाऱ्याला मी उठून दारात गेले, आणि प्रत्येक वेळी त्याने तेच उत्तर दिलं. शेतकऱ्याच्या घरात नवऱ्याने राबाचा भारा आणला म्हणून बायकोने घाबरावं, अशी ही आमची अवस्था.

सोमवारपासून मात्र भारा आलेला नाही. दुपारी तो ताटावरून उठत नाही, गेल्या वर्षी सगळं येनमध्ये होतं तेव्हासारखाच आमटी वाढून घेतो, मुलीची चेष्टा करतो. राब अजून निम्मासुद्धा झालेला नाही. मी खिडकीचा पडदा काढलाय आणि मशीन थांबवून टाकीच्या वाटेकडे बघत बसलेय.